उसाच्या चिपाडाचं, सहज न पेटणारं पीएलए

चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांतलं बगॅस (उसाचं चिपाड) पीएलएत, म्हणजे पिकांपासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लास्टिकात, घातलं की माल ताठ होतो, पण पेटतोही तसाच: तंतू दिव्याच्या वातीसारखा वितळलेलं प्लास्टिक ज्योतीपर्यंत ओढतात. आग रोखायला वापरल्या जाणाऱ्या ब्रोमीनच्या रसायनांशिवायचा उपाय म्हणजे अमोनियम पॉलिफॉस्फेट (एपीपी) आणि लिग्निन (लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा नैसर्गिक पदार्थ). तापल्यावर एपीपीतून आम्ल सुटतं, लिग्निनचा कोळसा होतो आणि ती साय खालच्या मालाला झाकते.

एक किलोच्या घाण्याला पीएलए 600 ग्रॅम, तंतू 200, एपीपी 150, लिग्निन 50 इथून सुरुवात करा. एपीपी फेज-2 (स्फटिकाचा दुसरा प्रकार) चंच घ्या, ते पाण्यात कमी विरघळतं. खताच्या दुकानातलं डीएपी स्वस्त पडतं, पण ते 155 अंशांच्या आसपासच फुटायला लागतं आणि माल स्पंजासारखा फुगतो.

खरी मेहनत तंतूची. आतला भुसभुशीत गर चाळून टाका; तो पाणी पितो, ताकद देत नाही. मग हातमोजे-चष्मा लावून 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तासभर भिजवा आणि पीएच 7 येईपर्यंत धुवा. इथे कंटाळा केला की एक्स्ट्रूडरच्या (माल वितळवून तार काढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो. उरलेला सोडा एपीपी फोडत असतो, शिवाय पीएलएच्या साखळ्याही तोडतो. धुलाई चोख असूनही वास आला, तर तापमान चढलंय.

पीएलए 80 अंशांवर चार तास वाळवा, ओलावा 0.025 टक्क्याच्या खाली हवा. तंतू रात्रभर. खानापूरच्या पावसात वाळवलेला माल उघडा ठेवला तर मेहनत वाया: तारेत बुडबुडे येतात, पट्टी हातात कडकन मोडते. एक्स्ट्रूडर 160 ते 180 अंशांत चालवा. 190 च्या वर तंतू करपतात.

आगीच्या चाचणीला (यूएल-94) 125 × 13 मिलिमीटरच्या पाच पट्ट्या लागतात. पट्टी उभी टांगा, 300 मिलिमीटर खाली कापूस ठेवा. 20 मिलिमीटरची ज्योत 10 सेकंद लावा, पट्टी विझली की पुन्हा 10. व्ही-0 या सगळ्यात कडक श्रेणीसाठी ज्योत काढल्यावर पट्टी प्रत्येक वेळी 10 सेकंदांत आणि पाचही मिळून 50 सेकंदांत विझायला हवी. जळता थेंब पडून कापूस पेटता कामा नये. पेटला तर तंतू 50 ग्रॅमने कमी करून तेवढं एपीपी वाढवा. त्यापुढे माल ठिसूळ होतो.

गिऱ्हाइकाला एक आधीच सांगून ठेवा: पीएलए कुजायला 58 अंशांच्या आसपास तापणारा कंपोस्ट खताचा कारखाना लागतो, परसातल्या उकिरड्यात हा माल वर्षभर तसाच दिसेल.