म्हातारे शिंपले, विरळ समुद्रकाकड्या

संकटग्रस्त प्रजातींवर प्रबंध करायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. माझ्या एमएस्सीच्या प्रबंधात दोन जीव होते: स्कॉटलंडच्या नद्यांतला मोत्याचा शिंपला आणि तमिळनाडूजवळच्या पाल्क उपसागरातली समुद्रकाकडी, म्हणजे तळावर राहणारा काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी (शास्त्रीय नाव होलोथुरिया स्काब्रा). आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत दोघांचा वर्ग एकच, 'एन्डेंजर्ड', म्हणजे संकटग्रस्त. तेवढ्यावर विसंबून लिहिलेला पहिला मसुदा मार्गदर्शकांनी परत केला, आणि ते बरोबरच होतं.

काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवून वाकलं की शिंपले दिसतात. गोट्यांत अर्धे रुतलेले, काळे, बारीक फट उघडी ठेवून पाणी गाळत बसलेले. काहींनी शंभरी ओलांडलेली असते. वाटतं, आहेत की भरपूर! मग नखाएवढं पिल्लू शोधायला लागावं, तर दिवस संपतो आणि हाती काही लागत नाही. मादी लाखो अळ्या सोडते; सॅमन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्याला चिकटेल तीच जगते. पुढच्या वर्षी ती गळून पडते आणि काही वर्षं गोट्यांखालीच वाढते. शेतांतून आलेला गाळ तिथे बसला की प्राणवायू पोचत नाही, पिल्लू गुदमरतं. म्हातारे तेवढे उरतात.

समुद्रकाकडीला तमिळ मच्छीमार 'कडल अट्टै' म्हणतात, समुद्रातली जळू. तिला माशाची गरज नाही. नर-मादी बीजं थेट पाण्यात सोडतात, म्हणून ती जवळजवळ असावी लागतात. उकडून, वाळवून ती चीनच्या बाजारात महाग विकली जाते. उपसा इतका झाला की उरलेल्या एकमेकींपासून लांब पडल्या, आणि बीजांची गाठ पडेना.

वय ओळखण्यातही दोघांत फरक आहे. शिंपल्यावरची वलयं मोजता येतात. काकडीच्या कातडीचा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवला तर सूक्ष्मदर्शकाखाली गुंड्यांसारखे चुन्याचे कण दिसतात. त्यांवरून जात कळते, वय नाही.

म्हणून प्रजातींच्या तुलनेचा तक्ता करताना संख्येचा रकाना मागे ठेवा. आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर साखळी तुटते, ते आधी लिहा.

परवान्याचा अर्ज मात्र सगळ्यात आधी करा. ब्रिटनमध्ये १९९८ पासून या शिंपल्याला पूर्ण संरक्षण आहे, आपल्याकडे समुद्रकाकडी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मी अर्ज उशिरा केला, आणि पिल्लं शोधायचा पहिला उन्हाळा हातचा गेला.