इंग्रजी आडनावाचं मूळ शोधताय? डीएनए किट शेवटी मागवा

बरेच जण सुरुवातच डीएनए किटने करतात, पैसे जातात आणि हातात काय तर ‘इतके टक्के इंग्लिश’ असा एक आकडा, आडनाव आहे तिथेच. उलट क्रमाने करा.

१. आधी ब्रिटनची १८८१ ची जनगणना बघा, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहे, फक्त अकाउंट काढावं लागतं. आडनाव टाकून कुठल्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) गर्दी दिसते ते पाहा. सायक्स हे आडनाव यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग भागात एकवटलेलं दिसतं, अशा आडनावाचा शोध सोपा जातो. स्मिथ असेल तर गावोगावी लोहार होते हो, एकच मूळपुरुष सापडेल ही आशाच सोडा.

२. मग तिथून मागे मागे जा. जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदी आहेत, त्यांचा इंडेक्स फ्रीबीएमडी या वेबसाइटवर फुकट मिळतो. त्याआधीचं चर्चच्या पॅरिश रजिस्टरात (बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदवह्यांत), ती १५३८ पासून सुरू होतात पण सगळीकडची टिकलेली नाहीत. स्पेलिंगवर अडून बसू नका, लिहिणारा कानाला ऐकू आलं तसं लिहायचा.

३. डीएनए आता, आणि तीही वाय-डीएनए टेस्टच, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची; आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए बघणारी नेहमीची ऑटोसोमल टेस्ट इथे फारशी कामाची नाही. नमुना बापाकडून तेच आडनाव आलेल्या पुरुषाचा हवा. दोन लांबच्या शाखांतला एकेक जण मिळाला तर कागदावरची वंशावळ ताडून बघता येते.

फक्त एक, दोघांचं जुळलं नाही तर मध्ये कुठेतरी दत्तक किंवा लग्नाबाहेरचं मूल निघू शकतं, तेव्हा असा निकाल चालेल का हे नमुना देणाऱ्याला आधीच विचारून ठेवा.