जावात स्वतःचा जेनेरिक स्टॅक लिहिताय? या चुका टाळा

जेनेरिक स्टॅक म्हणजे शेवटी ठेवलेली वस्तू आधी बाहेर देणारा, कुठल्याही टाईपसाठी चालणारा साठा. तो लिहिताना 'अनचेक्ड कास्ट' (कंपायलरला तपासता न येणारं टाईपचं रूपांतर) अशी वॉर्निंग दिसली की बरेच जण क्लासच्या डोक्यावर 'सप्रेस वॉर्निंग्स' ही वॉर्निंग दाबणारी खूण लावून मोकळे होतात. जेनेरिक कोडमधली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चूक होते एकीकडे आणि प्रोग्राम कोसळतो भलतीकडे.

स्टॅकच्या आत 'टी' टाईपचा ('टी' म्हणजे वापरणारा देईल तो टाईप) अ‍ॅरे हवा असतो, पण तो 'न्यू' लिहून बनवायला गेलात की कंपायलर अडवतो. २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले, तेव्हा जुना कोड बंद पडू नये म्हणून टाईप इरेजर स्वीकारलं गेलं. कंपाईल झाल्यावर 'टी' पुसला जातो, त्याच्या जागी साधा ऑब्जेक्ट येतो. म्हणून लोक ऑब्जेक्टचा अ‍ॅरे बनवून तो 'टी'च्या अ‍ॅरेत कास्ट करतात. अ‍ॅरे प्रायव्हेट आहे तोवर हे खपून जातं. एखाद्या मेथडमधून तोच अ‍ॅरे बाहेर दिलात, की स्ट्रिंगचा स्टॅक वापरणाऱ्याच्या ओळीवर क्लासकास्ट एक्सेप्शन येतं. त्या ओळीत कास्ट कुठे दिसतही नाही, कारण तो कंपायलरने आपणहून घातलेला असतो. शोधणारा तासन्‌तास चुकीच्या फाईलमध्ये अडकतो.

त्यापेक्षा आतला अ‍ॅरे ऑब्जेक्टचाच ठेवा आणि पॉप करताना, म्हणजे वरचा घटक काढताना, एकेका एलिमेंटला कास्ट करा. जावाची अ‍ॅरेलिस्टही आत ऑब्जेक्टचाच अ‍ॅरे ठेवते. वॉर्निंग दाबायचीच असेल तर फक्त त्या एका व्हेरिएबलवर दाबा, आणि कास्ट सुरक्षित का आहे ते कॉमेंटमध्ये लिहा. हो, पॉप झाल्यावर ती जागा नल (रिकामी) करायला विसरू नका. नाहीतर काढलेला ऑब्जेक्ट मेमरीत अडून राहतो.

नव्या कोडमध्ये रॉ टाईप वापरूच नका. टाईप न देता नुसतं 'लिस्ट' लिहिलंत, की त्यापुरती टाईपची तपासणीच सुटते.

इंटिजर हा नंबरचाच एक प्रकार, तरी इंटिजरची लिस्ट म्हणजे नंबरची लिस्ट नव्हे. अ‍ॅरेच्या बाबतीत जावा हे चालवून घेते, आणि मग त्यात डबल ठेवायला गेलात की प्रोग्राम चालू असताना अ‍ॅरेस्टोअर एक्सेप्शन येतं. स्टॅकमध्ये दुसऱ्या लिस्टमधून माल भरायचा असेल तर त्या पॅरामीटरला 'एक्स्टेंड्स' वाइल्डकार्ड (टी किंवा त्याचा कुठलाही उपप्रकार चालेल असं सांगणारं प्रश्नचिन्ह) द्या, दुसऱ्या लिस्टमध्ये ओतायचा असेल तर 'सुपर' (टी किंवा त्याच्या वरचा कुठलाही टाईप).

सगळ्यात मोठा घटक शोधणारी मेथड लिहिताना 'टी एक्स्टेंड्स कम्पेअरेबल ऑफ टी' (टीची तुलना टीशीच करता आली पाहिजे) एवढंच लिहिलंत, तर लोकलडेट या तारखेच्या क्लासची लिस्ट नाकारली जाते. लोकलडेट कम्पेअरेबल आहे, पण क्रोनोलोकलडेट या इंटरफेसच्या नावावर. तिथे 'कम्पेअरेबल ऑफ सुपर टी' लागतं.