‘टेरिफिक’ वापरताना या चुका टाळा

माझ्या इंग्रजीच्या वर्गातल्या एका मुलीने शेवटच्या तासानंतर मेसेज पाठवला: ‘मॅडम, युवर क्लास वॉज टेरिबल!’ पुढे तीन लाल बदाम. तिला म्हणायचं होतं ‘टेरिफिक’, म्हणजे झकास; ‘टेरिबल’ म्हणजे अगदी वाईट. बदाम होते म्हणून मला कळलं. हाच मेसेज ऑफिसात साहेबांना गेला असता तर बिचारी अडचणीत आली असती.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती होणं साहजिक आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या ‘टेरेरे’, म्हणजे घाबरवणे, या एकाच क्रियापदातून आलेत. ‘टेरिफिकस’ म्हणजे भय निर्माण करणारा. फोड अगदी आपल्या ‘भयंकर’सारखी! मला हे साम्य फार आवडतं, पण घोळही इथेच होतो. मराठीत ‘भयंकर गोड’ हे कौतुक. ‘सिनेमा भयंकर होता’ म्हटलं की तिकिटाचे पैसे वाया गेले. ‘टेरिबल’चंही तसंच: ‘टेरिबली गुड’ चालतं, नुसतं ‘टेरिबल’ म्हणजे वाईटच. ‘टेरिफिक’ मात्र आणखी एक पाऊल पुढे गेला, तो एकटाच वाहवा करतो. म्हणून भाषांतरात त्याला ‘भयंकर’ करू नका. ‘जबरदस्त’ किंवा ‘भन्नाट’ बसतं.

जुनं इंग्रजी वाचताना मात्र उलट काळजी घ्या. इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७ सालच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यामध्ये सापाच्या आयाळीला हेच विशेषण आहे. तिथे ‘झकास आयाळ’ असा अर्थ लावला तर कवितेतला थरारच गेला. १९व्या शतकात अर्थ आधी ‘प्रचंड’ असा सैलावला, मग ‘उत्तम’पर्यंत आला. मधला अर्थ अजून जिवंत आहे: वेग, स्फोट, वादळ यांच्याआधी ‘टेरिफिक’ दिसला तर ते कौतुक नाही, तिथे ‘प्रचंड’ असंच वाचायचं.

‘व्हेरी टेरिफिक’ लिहू नका, ‘अतिशय’ त्या शब्दातच आहे. जोर द्यायचाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली टेरिफिक’. बोलताना आघात ‘रि’वर. आणि नोकरीच्या अर्जात स्वतःच्या कामाला हे विशेषण नको, बोलीतला शब्द आहे. तिथे ‘एक्सलंट’सुद्धा जपूनच वापरा.