एचआयव्हीचे सिक्वेन्स वाचायला शिकताना

प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर माझ्याकडे पहिलं काम आलं ते एचआयव्हीच्या एन्व्ह जनुकाचे (विषाणूचं आवरण-प्रथिन घडवणारं जनुक) सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांचे क्रम, अलाइन करण्याचं, म्हणजे एकाखाली एक जुळवून मांडण्याचं. सॉफ्टवेअरला फाइल दिली, निकाल आला आणि कोणता नमुना कोणाच्या जवळचा हे दाखवणारा वंशवृक्षही मी लगेच काढला. सहा वेगवेगळ्या व्यक्तींचे नमुने एकाच फांदीवर, एकमेकांना अगदी चिकटून! मला वाटलं, संसर्गाची साखळीच सापडली. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "यात एचएक्सबी२ टाकून पाहिलंस का?" टाकलं, तर सहाही नमुने त्याच्याच शेजारी. एचएक्सबी२ हा प्रयोगशाळेतला संदर्भ विषाणू. त्याचा डीएनए पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रक्रियेत, मिसळला होता. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

शंका मला आधीच यायला हवी होती. या विषाणूचा जीनोम जेमतेम ९,७०० अक्षरांचा, पण त्याची नक्कल करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम आपल्या चुका तपासत नाही. शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. शिवाय एकाच पेशीत दोन प्रकार शिरले, तर त्यांची सरमिसळ होऊन तिसराच जन्मतो. एका माणसाच्या रक्तातले विषाणूही एकसारखे नसतात. सहा जणांचे कुठून असणार?

नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच सांगते, अलाइनमेंट डोळ्यांनी वाचा. एन्व्हमधल्या व्ही१ आणि व्ही२ या फार बदलणाऱ्या भागांची लांबीच नमुन्यागणिक बदलते, तिथे सॉफ्टवेअर हमखास गोंधळतं. आधी अमिनो आम्लांवर अलाइन करा, मग डीएनएकडे वळा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता नाही.

लसीचं कोडं इथेच सुरू होतं. एचआयव्हीच्या एम या मुख्य गटातल्या दोन उपप्रकारांच्या आवरण-प्रथिनांत ३५ टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. जगातले जवळपास निम्मे संसर्ग सी उपप्रकाराचे, तर सुरुवातीचं बरंचसं संशोधन झालं ते अमेरिका आणि पश्चिम युरोपातल्या बी वर. मग लसीत घ्यायचा कोणता? थायलंडच्या आरव्ही१४४ या लस-चाचणीत २००९ साली सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसलं. तीच कल्पना सी उपप्रकारासाठी बेतून दक्षिण आफ्रिकेत चाचणी घेतली, ती २०२० मध्ये थांबवावी लागली. याचा दोष एकट्या उपप्रकारावर टाकू नका, लसीतलं सहायक द्रव्यही (प्रतिकारशक्तीला चालना देणारं) बदललेलं होतं. अनेक प्रकारांचे तुकडे जोडून केलेल्या मोझेइक लसीही २०२१ आणि २०२३ मध्ये अपयशी ठरल्या. ते निकाल वाचताना मला खरोखर वाईट वाटलं होतं.

मला उभारी दिली ती एएमपी चाचण्यांनी. त्यांत लसीऐवजी थेट प्रतिपिंड, म्हणजे विषाणूला पकडणारं प्रथिन, दिलं होतं. व्हीआरसी०१ हे प्रतिपिंड एकंदरीत संसर्ग रोखू शकलं नाही, पण त्याला सहज बळी पडणाऱ्या प्रकारांविरुद्ध सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळालं. म्हणजे समोरचा विषाणू नेमका कोणता, यावर सगळं अवलंबून होतं, आणि ते सिक्वेन्समध्ये शोधता येतं.

पहिल्या अलाइनमेंटमध्ये तुम्ही आवरण-प्रथिनातली ३३२ वी जागा (एचएक्सबी२च्या क्रमांकांनुसार) शोधा. तिथे एन (अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल), नंतर प्रोलिन सोडून कोणतंही अमिनो आम्ल, आणि मग सेरीन किंवा थ्रिओनिन असेल, तर त्या एन वर साखरेची साखळी बसू शकते. काही प्रभावी प्रतिपिंडं तीच पकडतात. आता थायलंडमधला सीआरएफ०१_एई हा सरमिसळीतून झालेला प्रकार शेजारी ठेवा. बहुतेक नमुन्यांत ती साखर ३३४ वर सरकलेली दिसेल. फरक दोनच घरांचा, पण त्या प्रतिपिंडांची पकड सुटते.