कुबरनेटीसमध्ये लाइव्हनेस आणि रेडिनेस प्रोब नीट कसे लावायचे
कुबरनेटीस (कंटेनरमधली अ‍ॅप्स चालवणारी, सांभाळणारी सिस्टीम) ठराविक वेळाने अ‍ॅप तपासतं, त्या तपासणीला प्रोब म्हणतात: लाइव्हनेस म्हणजे अ‍ॅप जिवंत आहे का, रेडिनेस म्हणजे रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का. दोन्ही प्रोबना तपासायला एकच यूआरएल देऊन मोकळं होऊ नका. रेडिनेस फेल झाला तर पॉडकडे (एकत्र चालणारे एक किंवा जास्त कंटेनर) ट्रॅफिक जायचं थांबतं, बस, पण लाइव्हनेस फेल झाला की कंटेनर सरळ रीस्टार्ट होतो, म्हणून लाइव्हनेसमध्ये डेटाबेस अजिबात चेक करायचा नाही, नाहीतर डेटाबेस जरा अडखळला की धडधाकट पॉडपण एकामागोमाग एक रीस्टार्ट होत बसतात आणि लोड अजूनच वाढतो. तिथे फक्त प्रोसेस जिवंत आहे का एवढंच बघा. प्रोबचा टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) डीफॉल्ट 1 सेकंदच असतो, तो आधी वाढवा (हे हमखास राहतं). अ‍ॅप चालू व्हायला वेळ घेत असेल तर स्टार्टअप प्रोब लावा, दर 10 सेकंदांनी 30 वेळा म्हणजे 5 मिनिटं मिळतात, तोवर बाकीचे दोन्ही गप्प.