हॉवरक्राफ्ट पाण्यात अडते? या चुका टाळा

एकाच पंख्यावर चालणारे छोटे हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जमिनीवर आणि पाण्यावर चालणारे यान, घ्या. लांबी 3 मीटर, चालकासह वजन 350 किलो. खालची हवेची गादी 5 चौरस मीटरची, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 70 किलो भार. तेवढा भार पेलणारी हवा पाणीही दाबते. यान पाण्यावर जागच्या जागी तरंगत असेल, तर त्याच्याखाली 7 सेंटिमीटर खोल खळगा पडतो. निम्म्या तक्रारींचे मूळ या खळग्यात असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाण्यात उतरून मग वेग घेऊ पाहणे. यान हळू चालले की खळगा त्याच्याबरोबर सरकतो, पुढे लाट उभी राहते आणि यान नाक वर करून तिचाच चढ चढत राहते. 3 मीटरच्या यानाला हा अडथळा ताशी सुमारे 11 किलोमीटरला सर्वाधिक जाणवतो. इंजिन पूर्ण जोरात, चहूबाजूंनी फवारा, पण वेग वाढत नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलत बसू नका. आधी वजन तपासा. तळातला फोम पाणी प्यायला असेल, तर कितीही ट्यूनिंग करून उपयोग नाही.

वेग किनाऱ्यावरच घ्या आणि वारा पाठीशी ठेवून पाण्यात शिरा. मीटरभर खोलीच्या पाण्यात रेंगाळू नका. तिथे लाटेचा स्वतःचा वेगही ताशी 11 किलोमीटरच्या आसपास असतो. ती पुढे निसटत नाही, यानासमोर साचत जाते. तरीही अडलात, तर थोडे पुढे झुका. लाट ओलांडली की नाक खाली येते, फवारा मागे पडतो, यान मोकळे पळू लागते.

त्या क्षणी पुन्हा मागे सरकायला विसरणे ही दुसरी चूक, आणि ही धोक्याची. वजन पुढेच राहिले तर पुढचा स्कर्ट (हवेची गादी अडवून धरणारा यानाभोवतीचा लवचीक घेर) पाण्याला टेकतो, आत ओढला जातो आणि नाक बुडते. घाबरून थ्रॉटल एकदम सोडला तर उचलणारी हवाही त्याच पंख्याची, त्यामुळे नाक आणखी खाली जाते. मागे झुका, थ्रॉटल हळूहळू कमी करा.

स्कर्ट सुट्या बोटांचा, म्हणजे शेजारीशेजारी लावलेल्या हवेने फुगणाऱ्या सुट्या तुकड्यांचा, असेल तर एखादे फाटले तरी शेजारची दोन फुगून जागा भरतात. सलग दोन-तीन फाटली तर मात्र पाण्यात जाऊ नका. काँक्रीटवर घासून खालची कड आधी झिजते, म्हणून उतरण्यापूर्वी प्रत्येक बोट हाताने उलटून पाहा, अर्थात इंजिन बंद करूनच.